दोन पानांवरची ओळख

"तण," बाबा म्हणाले.

लेकीने कळ दाबली. पडद्यावरचे रोप गेले आणि त्याच्या जागी दुसरे आले. ओली माती, तिच्यावर नुकतीच उघडलेली दोन पाने, पानांच्या कडेला उन्हाची बारीक रेघ. बाबांनी मान कलती केली. एखाद्या अनोळखी लहान मुलाला नाव विचारण्याआधी माणूस जसा वाकतो, तसे ते पडद्याकडे वाकले.

"पीक. बीट आहे. देठ बघ कसा लाजलाय."

तिने दुसरी कळ दाबली.

न्याहारी आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा उद्योग सुरू होई. खिडकीखाली आत्या भाजी निवडत बसलेली असे. बाबांची ही धाकटी बहीण नवऱ्यामागे भावाकडे राहायला आली होती, आणि तिची सुरी थांबली तरी जीभ थांबत नसे.

"एवढं शिकवताय त्या जावयाला, तर एकदा पानावरही बोलवा," ती म्हणाली.

जावई म्हणजे यंत्र. सहकारी मंडळाला ते सरकारी योजनेतून मिळाले होते. पाठीवर सौरपट्ट्या, पोटाखाली कॅमेरे आणि नखाएवढी पाती, असा तो चारचाकी प्राणी ओळींमधून सावकाश चालायचा आणि पिकाला धक्का न लावता तण तेवढे खुडून टाकायचा. निदान तशी अपेक्षा होती. आला तेव्हा कित्येक दिवस तो नुसता शेडबाहेर उभा होता. "बसलाय ऊन खात," आत्या तेव्हाच म्हणाली होती, "काम ना धाम. सरकारचा जावईच की हा!" तेव्हापासून मंडळाच्या कागदांवर काहीही लिहिलेले असो, सगळ्यांच्या तोंडी तो जावईच राहिला.

त्याचा आळस खरा नव्हता. तो दुसऱ्या मुलखातली तणे शिकून आला होता. इथल्या मातीत काय उगवते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते. म्हणून मंडळाने शेतातल्या रोपांची असंख्य चित्रे काढवली. प्रत्येक चित्र दोन माणसांनी वेगवेगळे पाहायचे, एकमेकांना न विचारता 'पीक' किंवा 'तण' सांगायचे. उत्तरे जुळली तर ते यंत्राला शिकवायचे. जुळली नाहीत तर चित्राला पिवळी चौकट लागे आणि ते दोघांकडेही परत येई.

लेक यंत्रचालक होती, म्हणून एक माणूस ती. दुसरा कोण, हे सांगण्याची कुणाला गरजच वाटली नाही. बाबांना सगळे 'दोनपानी' म्हणत. रोप दोन पानांवर असताना, सगळी रोपे एकाच आईची वाटतात त्या वयात, ते बांधावरूनच त्यांची नावे सांगत. नवीन सून दारात आली की लोक चेष्टेने म्हणत, "दोनपानींना दाखवा, पीक आहे की तण ते सांगतील."

हे यंत्र आले तेही त्यांच्यामुळे. तणनाशक सोडणारे पहिले तेच. विहिरीकाठचे बेडूक ओरडेनासे झाले त्या वर्षी त्यांनी फवाऱ्याचा पंप खुंटीला टांगला आणि ते गुडघ्यांवर बसून निंदू लागले. सरत सरत त्यांनी सगळे शेत गुडघ्यांनी मोजले. मग एक दिवस गुडघे उठेनात, आणि निंदायला माणसे तर केव्हाच शहरांकडे निघून गेली होती. विषाशिवाय शेती करायची म्हणजे तण कोणीतरी काढलेच पाहिजे, हा साधा प्रश्न विषमुक्त शेतीच्या सगळ्या मोठ्या शब्दांच्या तळाशी खड्यासारखा पडून होता.

मंडळाच्या सभेत योजनेवर वाद पेटला तेव्हा बाबा काठी टेकत उभे राहिले होते. "औषधाला सरकारनं हात दिला तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही," ते म्हणाले. "पंप दिले, बाटल्या दिल्या, वर कसं मारायचं ते शिकवायला माणूस पाठवला. आता मारणं थांबवायला मदत मागतोय, तर म्हणे शेतकऱ्यानं आपल्या हिमतीवर करावं. हिंमत आहे हो माझ्यात. गुडघे नाहीत."

लोक हसले. मग हसू ओसरले, आणि एकेक हात वर झाला. मंडळाने सगळ्या शेतांतला फवारा थांबवला. यंत्र जमले नाही तर पुन्हा सुरू करू, या बोलीवर. पंप अध्यक्षबाईंच्या गोठ्यात टांगले गेले. फेकून मात्र कोणी दिले नाहीत.

त्या सभेनंतर बाबा हळूहळू निघून जाऊ लागले. घर सोडून नव्हे, घरातूनच. आपल्याच शेताच्या फाटकापाशी ते थबकत. कडी वर उचलायची की बाजूला सारायची, हे हाताला आठवत नसे. आत्याला ते कधी लेकीच्या गेलेल्या आईच्या नावाने हाक मारत, आणि आत्या, जी कुणाचे काही ऐकून घेत नसे, ती मुकाट्याने 'ओ' देई. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या, आणि दोन्हींपैकी कशाचाच उपयोग होणार नाही हे नजरेने सांगितले.

पण पडद्यासमोर बाबा परत येत. सकाळचे ते तास म्हणजे ओहोटीत उघडा पडणारा खडक होता. त्यांचा आवाज भरदार होई. ते जीभ टाळ्यावर आपटत, रोपांना नावे ठेवत: हा चाकवत म्हणजे नुसता फुकट्या, ही हरळी, हिला घरातून काढलं की खिडकीतून येते. लेक कळा दाबत राही, आणि आपण यंत्राला शिकवतो आहोत की वडिलांना धरून ठेवतो आहोत, याची वाटणी तिने मनाशी कधी केली नाही.

मग एका सकाळी बिटाचे एक रोप आले. उघड्या उन्हात वाढलेले, म्हणून देठ जास्तच तांबडा.

"तण," बाबा म्हणाले. "रानमाठ. आत्ताच उपटा, नाहीतर बी धरेल."

तिचे बोट कळेवर थांबले. आदल्या दिवशी आपल्या वाट्याला हेच चित्र आले तेव्हा तिने 'पीक' म्हटले होते.

"दाब की," बाबा म्हणाले.

तिने दाबली.

चित्र पिवळी चौकट लेवून परत आले. बाबांनी ती पाहिली, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"परत का आलं हे? मी चुकलो?"

"तसं नाही बाबा. कधी कधी येतं."

"माझं परत येत नाही." त्यांनी हात टेबलाखाली घेतला. "मग काय, आता गवताच्या काडीलाही आमची ओळख पटेना का?"

दुपारी ते जेवले नाहीत. ताटावर बसून बोटाने ताटाच्या कडेला काहीतरी शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते चित्र तिच्यासमोर पुन्हा आले तेव्हा ती बराच वेळ बघत बसली. लहानपणापासून तिचे आणि बाबांचे जेव्हा जेव्हा जुळले नव्हते, तेव्हा तेव्हा बाबाच बरोबर निघाले होते. कदाचित याही वेळी. तांबडे देठ रानमाठालाही असतात. तिने आपले उत्तर बदलले. पिवळी चौकट विरून गेली. पुढचे बदलताना तेवढा वेळ लागला नाही. त्यापुढचे बदलताना तर तिने पाहिलेही नाही. बाबा काय म्हणाले ते तिला आठवत होते, तेवढे पुरे होते. पिवळ्या चौकटी येईनाशा झाल्या, आणि घरात पुन्हा बाबांच्या जेवण्याचे आवाज ऐकू येऊ लागले.

आत्याने तिला परसात दोरीपाशी गाठले. दोघी ओल्या चादरीची टोके धरून उभ्या होत्या.

"काल दादानं बिटाला माठ म्हटलं," आत्या म्हणाली.

"तुला खिडकीतून काय दिसतं गं?"

"जन्मभर भाज्या निवडल्यात मी. आणि तुलाही दिसलं. तू गप्प बसलीस."

"बाबा कधी चुकलेत का, आत्या?"

"नाही चुकला, म्हणूनच तर सांगतेय. आधी कधी चुकला असता, तर मी हसले असते." तिने चादर झटकली. थेंब लेकीच्या तोंडावर उडाले. "जावयाला सांग काय ते. त्याचं काही बिघडायचं नाही, त्याला ना आई ना बाप."

"सांगते," लेक म्हणाली. पण सांगायचे म्हणजे बाबांची सकाळ काढून घ्यायची. ते उद्यावर गेले, आणि दुसऱ्या दिवशी तर बाबांनी चाकवताला अशी शिवी घातली की आत्यालाही हसू आवरले नाही.

चाचणीच्या दिवशी बांधावर सगळे मंडळ उभे होते. योजनेचे साहेब आले होते, आणि त्यांच्यासोबत यंत्राची देखभाल करणारा, वयाने पोक्त, खांद्यावरच्या पिशवीच्या ओझ्याने कायमचा एका बाजूला झुकलेला तंत्रज्ञ. चाचणी जमली तर मदत चालू राहणार होती, आणखी शेते योजनेत येणार होती. नाही जमली तर काय, हे अध्यक्षबाईंनी कोणाला सांगितले नाही. पण सकाळी त्यांच्या गोठ्यातले पंप कोणीतरी धुऊन उलटे वाळत घातलेले लेकीने येताना पाहिले होते.

बाबांसाठी झाडाखाली खुर्ची ठेवली होती. आत्याने त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मागे उभी राहून ती त्यांची कॉलर उगाच सारखी करत होती.

यंत्र निघाले. पहिल्या टप्प्यात झाडांची सावली पडत असे; तिथली बिटे फिकट देठांची होती. पाती खाली येत, क्षणभर विचार केल्यासारखी थबकत, आणि बिटाच्या अगदी कुशीतला चाकवत अलगद उचलून बाजूला टाकत. बांधावरून कोणीतरी म्हणाले, "जावई कामाचा निघाला की!" अध्यक्षबाईंच्या कपाळावरची आठी प्रथमच सैल झाली. लेकीला त्या पात्यांत बाबांची बोटे दिसली. तोच संथपणा, तीच मायाळू निष्ठुरता.

मग यंत्र सावलीतून उन्हात गेले.

तिथे त्याची चाल बदलली नाही. तेवढ्याच हळुवारपणे, तेवढ्याच खात्रीने ते एकेक तांबडा देठ उचलू लागले. माठ उचलला. शेजारचे बीट उचलले. त्यापुढचे बीट उचलले. आधी कोणाच्या लक्षात आले नाही, कारण चुकीला चुकीसारखा आवाज नव्हता. लक्षात आले तेव्हा यंत्रामागे ओळच्या ओळ कोरी होत आली होती. नुसती माती, विंचरल्यासारखी स्वच्छ.

"थांबवा ते!" अध्यक्षबाई ओरडल्या.

तंत्रज्ञाने यंत्र थांबवले आणि तिथेच गुडघ्यावर बसून आपला पडदा चाळू लागला. "नवल आहे," तो म्हणाला. "ही सगळी रोपं त्याला तण म्हणूनच शिकवलीत. आणि दोघांची उत्तरं जुळतायत. एकही वाद नाही."

"म्हणजे यंत्रच बिनकामाचं," मागून कोणीतरी म्हणाले. "फवारा बरा. त्याला निदान बीट तरी कळतं."

"सरकारी खेळणं, दुसरं काय!"

साहेबांनी वाकून उपटलेले एक रोप उचलले. ते बाबांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांच्या चालण्यात खरा आदर होता, आणि तोच लेकीला सगळ्यात भयंकर वाटला.

"बाबा, सभेतलं तुमचं बोलणं मी ऐकलंय," साहेब म्हणाले. "तुम्ही सांगाल ते मी मानेन. यंत्राला हे तण वाटलं. तुम्ही सांगा, हे काय आहे?"

त्यांनी तळहात पुढे केला. ज्या माणसांना बाबांनी बोट धरून शेत दाखवले होते, ती सगळी माणसे त्या तळहाताकडे पाहत होती. आत्याचा हात बाबांच्या कॉलरवर तसाच राहिला.

बाबांनी मान कलती केली. ते वाकले. त्यांचे ओठ जरासे उघडले, जिभेचे टोक दातांना टेकले; तिथून कोणता शब्द बाहेर पडणार आहे, हे लेकीने एवढ्या सकाळींत पाठ केले होते.

"त्यांना विचारू नका," ती म्हणाली. "दोन्ही उत्तरं माझी आहेत."

साहेब वळले. "म्हणजे?"

"बाबा दमतात. त्यांच्या नावावरचीही मीच भरली. नियम मोडला मी. यंत्राची चूक नाही. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं."

मग हशा फुटला, ओंगळ आणि सुटका झाल्यासारखा.

"बापाच्या नावावर लेकीनं पेपर लिहिला!"

"दोनपानींच्या पोटी आंधळी निघाली हो!"

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी लेकीकडे पाहिले, मग त्या रोपावर अजून वाकलेल्या बाबांकडे, आणि मग त्या दुसरीकडे पाहू लागल्या.

तंत्रज्ञ कपडे झटकत उठला. "मग ताई, तुमच्या दोघांच्या नावावरचं सगळंच पुसावं लागेल. नवी माणसं बसवून पहिल्यापासून."

"सगळं?" तिने विचारले. "सावलीतलं त्यानं किती नीट केलं, बघितलंत ना? ते बाबांचं आहे. ते खरंच त्यांचं आहे."

"असेल. पण त्यांचं कुठलं आणि तुमचं कुठलं, हे कसं वेगळं करायचं?"

वेगळे करता येत होते. पडद्यावरच्या तारखा मागे चाळून चांगल्या दिवसांपाशी बोट ठेवता आले असते: इथपर्यंत बाबा होते, इथून पुढे नव्हते. सगळ्या जगात ही सीमारेषा फक्त तिला ठाऊक होती. ती बांधावरच्या माणसांना दाखवायची, की तिच्या अलीकडचे सगळे बुडू द्यायचे. चाकवत फुकट्या असल्याचे. देठ लाजल्याचे.

"पुसा," ती म्हणाली.

साहेबांनी घसा साफ केला. यंत्राचा दोष नसेल तर मदत थांबणार नाही, नवीन पेऱ्यावर पुन्हा चाचणी घेऊ, असे ते अध्यक्षबाईंना म्हणाले. मात्र यंत्र या बाईंच्या हाती नको. अध्यक्षबाईंनी मान हलवली. पंप तूर्त गोठ्यातच राहणार होते. लोक पांगू लागले.

तेव्हा बाबा उठले. काठी न घेता, सदऱ्याच्या कडक घडीत, जुन्या ताठ अंगाने ते लेकीसमोर येऊन उभे राहिले. डोळे स्वच्छ होते.

"तू असं का केलंस?" त्यांनी विचारले. "मला विचारायचंस. मी चुकलो नसतो."

"हो बाबा."

"लोकांचं रान होतं ते."

"हो बाबा."

"माझ्या नावावर?" ते म्हणाले, आणि तोंड फिरवून घराकडे चालू लागले. आत्या काठी घेऊन त्यांच्यामागे धावली.

दुसऱ्या सकाळी त्यांना यातले काहीही आठवत नव्हते. रागसुद्धा त्यांच्यापाशी एक रात्र टिकला नाही. तो सगळाच्या सगळा लेकीच्या वाट्याला राहिला. पडदा तंत्रज्ञाने आदल्या संध्याकाळीच नेला होता. न्याहारी झाली, आणि बाबा टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"चल, चित्रं लाव."

लेक ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. नळ चालू होता आणि भांडे केव्हाच भरले होते.

"आज चित्रं नाहीत, दादा," आत्या म्हणाली. "जावयानं आज खरीखुरी धाडलीत." तिने पदराखालून एक ताटली काढली. चाचणीच्या शेतातून ती केव्हा जाऊन आली होती कोण जाणे. ताटलीत कालची उपटलेली रोपे होती, मान टाकलेली. तिने एक टेबलावर ठेवले. "सांग, काय लिहू?"

"तण," बाबा म्हणाले.

आत्याने भाचीकडे पाहिले. लेक येऊन शेजारी बसली आणि तिने टेबलाच्या उघड्या लाकडावर बोट दाबले.

"तण."

तिने बोट दाबले.

तिसरे रोप टेबलावर नीट पडले नाही. ते कडेवरून घरंगळले, आणि बाबांनी ते पडताना झेलले. ते त्यांच्या बोटांत आले. बोटांनी, कोणी न सांगता, मुळावरची माती चोळली. त्यांनी ते नाकाशी नेले.

"बीट आहे हे," ते म्हणाले. आवाज बदलला होता. त्यांनी ताटलीतली बाकीची रोपे एकेक करून हातात घेतली, चोळली, हुंगली. "ही सगळी बिटंच आहेत. कुणी उपटली?"

आत्याने खिडकीकडे तोंड केले. पडद्याला वास नसतो, मातीचा कण नसतो, हे दोघींच्या मनात एकाच वेळी आले, आणि ते दोघींपैकी कोणीही कधीच बोलणार नव्हते.

"मी, बाबा," लेक म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिले. रागाने नाही. रोपाकडे पाहावे तसे, मान कलती करून. ही कोण, हे दोन पानांवरून ओळखू पाहत. ओळख पटली की नाही, ते कळले नाही.

"असू दे," ते म्हणाले. "परत लाव. धरतील."

ती त्यांचा हात धरून परसात गेली. दोरीखालच्या ओलसर जागेशेजारी ते मागच्या दाराच्या पायरीवर बसले आणि बोटाने दाखवत राहिले. इथे, नाही, जरा अंतर सोड. तिने चमच्याने माती उकरली. एकेक कोमेजलेले रोप खड्ड्यात उभे केले, बोटांनी माती दाबली. आत्याने तांब्यातून धार सोडली. मूळ तुटलेले बीट पुन्हा धरत नाही, हे लेकीला फार वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवले होते.